चापाचा स्पर्श आणि मॅगझिनची खुंटी

पिस्तुलाचा नेम चुकतो तो पुष्कळदा डोळ्यामुळे नव्हे, तर बोटामुळे. चाप, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ट्रिगर, दाबताना बोटाला किती जोर लावावा लागतो आणि तो जोर कसा वाढत जातो, यावर चापाचा स्पर्श ठरतो. आधी थोडी मोकळी चाल, मग एकच ठाम अडसर आणि तो झटकन सुटणे, असा स्वच्छ स्पर्श असेल तर नळी जागची हलत नाही. तो खरखरीत असेल तर बोट अडखळते आणि नळीचे तोंड नेमक्या त्या क्षणी बाजूला सरकते. सुरक्षेच्या साधनांनी हा स्पर्श बिघडवला, अशी जुन्या पिस्तुलांबाबत नेमबाजांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. मात्र दोष सुरक्षेचा की ती जिथे बसवली त्या जागेचा, हे पाहायचे तर ब्राउनिंग हाय-पॉवर हे पिस्तूल आतून समजून घ्यावे लागते.

अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी फ्रेंच सैन्याची गरज समोर ठेवून या पिस्तुलाचे काम सुरू केले. १९२६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे त्यांचे निधन झाल्यावर द्यूदॉने सेव्ह यांनी ते पुढे नेले आणि १९३५ मध्ये तेरा काडतुसांचे हे पिस्तूल तयार झाले. मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची काडतुसांची पेटी, बाहेर काढली असता पिस्तूल झडता कामा नये, अशी फ्रेंचांची अट होती. अट रास्त होती, कारण मॅगझिन काढले तरी नळीच्या मागच्या कप्प्यात, चेंबरमध्ये, एक काडतूस राहू शकते, आणि ‘मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे’ या समजुतीने जीव जातात. फ्रान्सने पुढे हे पिस्तूल स्वीकारलेच नाही. अट मात्र त्याच्या पोटात कायमची राहिली.

ती राहिली एका छोट्या खुंटीच्या रूपाने. चापात बसवलेली ही खुंटी स्प्रिंगच्या जोरावर मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर टेकते. मॅगझिन जागेवर असेल तर खुंटी दबते आणि चापाची दांडी योग्य ठिकाणी येते. मॅगझिन नसेल तर दांडी चुकते आणि चाप कितीही दाबला तरी गोळी उडवणारा हातोडा, म्हणजे हॅमर, सुटत नाही. युक्ती साधी आणि खात्रीची आहे, पण चाप दाबताना दरवेळी ही खुंटी पत्र्यावर घासत जाते आणि ती खरखर थेट बोटापर्यंत पोचते. शिवाय हॅमर धरून ठेवणाऱ्या सिअर या तुकड्याकडे चापाचा जोर सरळ जात नाही, तर वरच्या स्लाईडमध्ये बसवलेल्या पट्टीमार्फत वळसा घेऊन जातो.

सुरक्षा दुसऱ्या जागी बसवली तर काय होते, हे याच ब्राउनिंग यांच्या १९११ च्या कोल्ट पिस्तुलात दिसते. त्यात मुठीच्या मागे एक पट्टी आहे. पिस्तूल नीट धरल्याखेरीज ती चाप हलू देत नाही, पण एकदा मूठ आवळली की ती चापाच्या वाटेतून पूर्ण बाजूला होते. पुढे पिस्तूल खाली पडून काडतूस पेटवणारी टाचणी, म्हणजे फायरिंग पिन, स्वतःच्या वेगाने काडतुसावर आदळू नये, म्हणून पिनेला अडसर घालण्याची कल्पना आली. १९३७ च्या सुमारास कोल्टने हा अडसर मुठीच्या पट्टीला जोडला होता, आणि तो चापाला शिवतही नव्हता. महायुद्धाच्या काळात तो वगळला गेला. १९८३ मध्ये ‘सीरिज ८०’ मध्ये अडसर परत आला तो चापालाच जोडून, आणि तक्रारही त्याच्यासोबत आली. काम एकच, पण जागा बदलली की बोटाला भरावी लागणारी किंमत बदलते.

हाय-पॉवरच्या खुंटीविरुद्ध आणखी एक गंभीर आक्षेप आहे. चेंबर रिकामे केल्यावर चाप दाबून हॅमर खाली आणायचा तर रिकामे मॅगझिन पुन्हा आत घालावे लागते, म्हणजे रिकाम्या केलेल्या पिस्तुलात घाईने भरलेले मॅगझिन सरकवण्याची वाट सुरक्षेच्या साधनानेच उघडी ठेवली. तरीही खुंटी काढून टाकण्याची जी पद्धत पुष्कळ मालकांत रूढ झाली, तिचे समर्थन करता येत नाही. स्पर्धेच्या मैदानावर एकाच अनुभवी हातात राहणाऱ्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. पण सैन्याचे पिस्तूल पाळीपाळीने अनेक हातांत जाते. भारतीय सैन्यासाठी याच घडणीचे ९ मिलिमीटर पिस्तूल इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनले, आणि कोठारात पिस्तूल परत करताना, थकलेल्या हाताने मॅगझिन काढल्यावर होणारी चूक हीच या खुंटीने अडवायची चूक आहे. खरखर कमी करण्यासाठी जाणत्या कारागिराने खुंटीचे टोक आणि मॅगझिनचा पत्रा गुळगुळीत केला, तर बोटाला बराच दिलासा मिळतो आणि सुरक्षाही शाबूत राहते.

अशी पिस्तुले माणसांपेक्षा जास्त जगतात आणि एका पिढीकडून दुसरीकडे जातात. खुंटी काढल्याची कोणतीही खूण बाहेरून दिसत नाही. चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, मॅगझिन बाजूला ठेवून, नळी सुरक्षित दिशेला धरून चाप दाबावा. हॅमर पडला, तर आधीच्या कोणा मालकाने आपल्या बोटाच्या सोयीसाठी खुंटी काढून टाकलेली असते.