लक्षणं गेली म्हणजे आजार गेला? लैंगिक संसर्गाची तपासणी कधी आणि कुठे करायची

जननेंद्रियावर एक जखम होते. दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते आणि विषय संपला असं वाटतं. सिफिलीसमध्ये, म्हणजे गावाकडच्या भाषेत 'गरमी'त, माणूस इथेच फसतो. जखम गेली तरी जंतू शरीरात राहतात. पुढे अंगावर पुरळ येऊन जातं, मग वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. उपचार झाले नाहीत तर हृदय आणि मेंदूपर्यंत इजा होऊ शकते, गरोदरपणात बाळालाही लागण होते. सुरुवातीलाच निदान झालं तर पेनिसिलीनचा एक डोस साधारणपणे पुरतो.

गनोरिया (परमा) आणि क्लॅमिडिया या आजारांत अनेक स्त्रियांना कसलाच त्रास होत नाही. त्यामुळे नवऱ्याने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, त्याची जळजळ थांबली, तरी बायकोचा संसर्ग तसाच राहतो आणि त्यालाही पुन्हा लागण होते. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या जुन्या गोळ्यांना गनोरियाचे जंतू आता फारशी दाद देत नाहीत. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे असतात.

एकच रक्ततपासणी पुरते का?

नाही. एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे सिफिलीस नाही असं होत नाही. त्यासाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही वेगळी चाचणी लागते. हिपॅटायटीस बीचीही वेगळी. वेळही महत्त्वाची. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या चाचणीला अर्थ नसतो. एचआयव्हीच्या नेहमीच्या चाचणीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. मात्र धोका नुकताच झाला असेल तर थांबू नये. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं.

सरकारी व्यवस्थेतली एक उणीव इथे सांगायला हवी. गनोरिया, क्लॅमिडियावर तिथे बहुतेकदा लक्षणं पाहूनच औषधं दिली जातात, रंगांवरून ओळखल्या जाणाऱ्या सात किटमधून. त्रासच नसेल तर हा संसर्ग निसटू शकतो. म्हणून जोडीदाराला त्रास असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

कागलकरांनी जायचं कुठे?

सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्ही चाचणी मोफत होते. लैंगिक आजारांसाठी जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात. कागलच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत भावकीतलं कुणी भेटेल, ही भीती खोटी नाही. तसं वाटत असेल तर कोल्हापूरचं सीपीआर २० किलोमीटरच्या आसपास आहे. आधी फोनवरच विचारायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री क्रमांक आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

कंपनीला कळेल का?

पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांना ही धास्ती असते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, रिपोर्टही दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही.

गरोदर महिलांची एचआयव्ही आणि सिफिलीस तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. झाली नसेल तर आशाताईंना किंवा नर्सना थेट विचारावं.