पुलाच्या पोटातील तारा

सारख्या आकाराची आठ-दहा पुस्तके टेबलावर ओळीने उभी ठेवा. दोन्ही तळव्यांनी बाजूंनी घट्ट दाबून सगळी ओळ उचला. मध्ये गोंद नाही, तरी ती तुळईसारखी अधांतरी राहते. दाब सैल करताच कोसळते.

प्रीस्ट्रेस्ड, म्हणजेच पूर्वताणित काँक्रीटचे तत्त्व हेच. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. म्हणून तुळईतील नळ्यांतून पोलादी तारा ओवून त्या जॅकने ताणतात व टोकांना पाचरींनी जखडतात. तारा आखडू पाहतात आणि काँक्रीट कायम दाबात राहते.

पण काँक्रीटही वय वाढेल तसे सुकून आणि दबून आखूड होते. १० मीटर लांबीत हे आखडणे ६ ते १० मिलिमीटर भरू शकते. साधे पोलाद जुन्या प्रयोगांत जेमतेम ७ मिलिमीटर ताणले जाई. म्हणजे सारा ताण निघून जाई! फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये यावर तोड काढली. उच्च बलाची तार सुमारे ५५ मिलिमीटर ताणता येते. तिच्यातला थोडा ताण गेला तरी बराचसा उरतो.

ही झीज हिशेबात धरता येते. गंजाचे तसे नाही. गोव्यात १९७०च्या सुमारास बांधलेला मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तारांचे गंजणे हे त्याचे कारण म्हणून पुढे आले.

तारांभोवती नळीत सिमेंटचा पातळ लगदा भरतात. त्याच्या अल्कधर्मी आवरणात पोलाद गंजत नाही. पण भरताना पोकळी राहिली आणि तेथे पाणी, हवा व खारे क्षार पोहोचले, की तारेवर खड्डे पडतात. तार बारीक, तिच्यावरील ताण प्रचंड. त्यामुळे लहानसा खड्डाही पुरतो. एक तार तुटली की तिचा भार शेजारणींवर पडतो. बाहेरून मात्र तडा किंवा तांबूस डाग दिसेलच असे नाही.

गोंदिया जिल्हा समुद्रापासून दूर असल्याने खाऱ्या वाऱ्याचे भय येथे नाही. पण पावसाचे पाणी आणि पोकळी येथेही असू शकते. म्हणून पुलाच्या सांध्यांतून, टोकांतून होणारी गळती किरकोळ समजू नये.

वर्गात एक खिळा चुन्याच्या निवळीत बाटली घट्ट बंद करून आणि दुसरा उघड्या मिठाच्या पाण्यात ठेवा. आठवड्याने दोन्ही पाहा. पुलाच्या पोटात काय चालते, ते विद्यार्थ्यांना आपोआप उमगेल.