हिप हॉप आणि पोलिसांचा ससेमिरा

'हिप हॉप' म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उलटी टोपी घालून हातवारे करीत भराभर बोलणारा तरुण उभा राहतो. पोरकटपणा म्हणून ते सोडून देणे सोपे आहे. पण ही कला कोणत्या वस्तीत जन्मली हे पाहिले म्हणजे त्या बोलण्यातला राग कोठून आला ते उमगते.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातून हमरस्ता काढताना हजारो बिऱ्हाडे उठवली गेली. पुढे कामधंदे गेले, घरे जळाली. तेथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून नाचाचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ, कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर आळीपाळीने वाजवून तो लांबवीत असे. हिप हॉपचा आरंभ याच रात्रीपासून मानतात. पुढे असे मेळे बागांत भरू लागले. वीज रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून घेत!

रस्त्यावर जमलेली काळी पोरे आणि भिंतींवरची रंगीत अक्षरे यांमुळे पोलिसांशी गाठ पडणारच. १९८३ साली मायकेल स्ट्युअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भुयारी रेल्वेच्या स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडले. पोलिसांच्या ताब्यातच तो बेशुद्ध झाला आणि काही दिवसांनी वारला. खटला झाला, सहाही पोलीस सुटले. १९९९ च्या फेब्रुवारीत ब्राँक्समध्येच अमादू डायलो हा निःशस्त्र तरुण आपल्या घराच्या दारात उभा असताना चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. तेही सुटले. तेव्हा मॉस डेफ व तालिब क्वेली यांनी अनेक गायकांना एकत्र आणून निषेधाची ध्वनिमुद्रिका काढली.

पण नुसत्या गाण्याने पोलीस बधत नाहीत, हे वस्तीतल्या कार्यकर्त्यांना ठाऊक होते. (आणि काही गाण्यांत स्त्रियांविषयी जे शब्द येतात त्यांचे समर्थन कोणी करू नये.) त्यांनी 'कॉपवॉच' नावाची गस्त चालवली. पोलीस कोणाला अडवताना दिसले की अंतर राखून उभे राहायचे, चित्रण करायचे, बिल्ल्याचा क्रमांक टिपायचा. मध्ये पडायचे नाही. 'मी जाऊ शकतो का?' असे शांतपणे विचारावे, 'झडतीला माझी संमती नाही' असे स्पष्ट सांगावे, हे मुलांना शिकवायचे.

याची निकड आकड्यांवरून कळते. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी लोकांना अडवल्याच्या ६,८५,७२४ नोंदी आहेत. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय वा लॅटिनवंशीय. आणि दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा ना अटक, ना समन्स. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. देखरेखीसाठी निरीक्षक नेमला आणि काही ठाण्यांत प्रयोगादाखल पोलिसांच्याच अंगावर कॅमेरे लावण्याचा आदेश दिला.