गणनयंत्राच्या पडद्यावरील संख्या

शास्त्रीय गणनयंत्र आतां पुष्कळ विद्यार्थ्यांच्या दप्तरांत असतें. परंतु त्यांत संख्या कशी घालावी आणि पडद्यावरील संख्या कशी वाचावी, याचा विचार थोडेच करितात. हातांत मावणारें पहिलें शास्त्रीय गणनयंत्र, एचपी-३५, १९७२ सालीं निघालें. त्याच्या पडद्यावर संख्येचे दहा अंक व दोन अंकी घातांक दाखविण्याची सोय होती. आजच्या पुष्कळ यंत्रांची रीतही याच धर्तीची आहे.

एक उदाहरण घेऊं. प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३०,००,००,००० मीटर जातो, व सूर्यापासून पृथ्वीवर येण्यास त्यास सुमारें ५०० सेकंद लागतात. यांचा गुणाकार बारा अंकी असल्यामुळें दहा अंकांच्या पडद्यावर मावत नाहीं. म्हणून यंत्र ‘१.५ गुणिले दहाचा अकरावा घात’ असें दाखवितें. जुन्या यंत्रांवर १.५ व उजवीकडे ११ एवढेंच दिसे. तें १.५ चा अकरावा घात समजून वाचणाऱ्यास सूर्य ८७ मीटरांच्याही आंत आहे असें वाटावयाचें!

आतां संख्या घालण्याविषयीं. ‘एक्स्प’ या कळेंतच ‘गुणिले दहाचा घात’ हा सगळा अर्थ आहे. म्हणून प्रकाशाच्या वेगासाठीं ३, ‘एक्स्प’, ८ इतकेंच दाबावें. कोणी ३, गुणिले, १०, ‘एक्स्प’, ८ असें दाबल्यास दहा एकदां अधिक गुणिला जातो, आणि सूर्य आपणांपासून दसपट दूर, म्हणजे जवळजवळ शनीइतक्या अंतरावर, जाऊन बसतो.

तिसरी गोष्ट, पडदा सर्व अंक दाखवीत नाहीं. दशांशचिन्हापुढें दोनच अंक दाखविण्याची योजना करून २ भागिले ३ केल्यास ०.६७ दिसतें. त्यास तसेंच ३ नें गुणिलें तर २.०० येतें, कारण यंत्राच्या पोटांत अधिक अंक राखलेले असतात. तेंच ०.६७ कागदावर उतरून पुन्हा घातल्यास २.०१ येतें. यास्तव मधलें उत्तर पुन्हा न टंकतां यंत्रांतच पुढें चालवावें.

यंत्र दाबलेल्या कळांचा हिशेब बरोबर करितें. कळा योग्य होत्या कीं नाहीं, हें तें सांगूं शकत नाहीं. म्हणून पालकांनीं मुलांस कळ दाबण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: “उत्तर सुमारें किती येईल?”