शेंकडेवारीचा हिशेब व शेतकऱ्याचा नफातोटा

पीक कसें काढावें यासंबंधीं जेवढा विचार आपल्या शेतकरी बंधूंत होतो, तेवढा विचार निघालेल्या पिकाचा हिशेब कसा करावा यासंबंधीं होत नाहीं. बीं कोणतें घ्यावें, पाणी केव्हां द्यावें, यांवर चावडीवर घटकाघटका चर्चा चालते. परंतु दुकानदारानें 'शेंकडा दहा सूट दिली' असें म्हटलें, कीं ती सूट कशावर दिली हें विचारणारा विरळा. या दुर्लक्षाची किंमत दरसाल रोख मोजावी लागते. म्हणून शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारांतील कांहीं उदाहरणें घेऊन या विषयाचें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणांतील रकमा केवळ समजुतीसाठीं घेतल्या आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपले आंकडे घालून पाहावे.

शंभर कोणते धरले?

शेंकडा म्हणजे शंभरामागें. जुन्या नाण्यांच्या काळीं रुपयामागें आण्यांत बोलण्याची चाल होती. रुपयामागें एक आणा म्हणजे शेंकडा सव्वासहा. १९५७ सालीं दशमान नाणीं सुरू झाल्यापासून शेंकडा एक म्हणजे रुपयामागें एक पैसा, इतका हा हिशेब सोपा झाला. तथापि रीत सोपी झाली तरी मुख्य प्रश्न उरतोच, तो हा कीं शंभर कोणत्या रकमेस धरले?

समजा, व्यापाऱ्यानें माल १,६०० रुपये क्विंटल दरानें घेतला व २,००० रुपयांस विकला. नफा ४०० रुपये. हा नफा खरेदीवर काढला तर शेंकडा २५ होतो, विक्रीवर काढला तर शेंकडा २०. दोन्ही आंकडे खरेच आहेत. पण आपला नफा लहान दाखवावयाचा असेल तो विक्रीवर सांगेल. शेतकऱ्यानें आपला नफातोटा नेहमीं खर्चावर, म्हणजे स्वतः घातलेल्या रकमेवर काढावा.

सूट आणि उधारी

छापील किंमत ४,००० रुपये असलेल्या फवारणी पंपावर शेंकडा १५ सूट मिळाली, तर शंभरांतून १५ वजा करून राहिलेल्या ८५ नीं किंमत गुणावी व शंभरानें भागावें. ३,४०० रुपये उत्तर येतें. परंतु दुकानदार 'दहा टक्के सूट, वर आणखी पांच टक्के' म्हणाला, तर ती १५ टक्के नव्हे. पहिल्या सुटीनंतर ३,६०० रुपये राहतात व दुसरी सूट या ३,६०० वर बसते. द्यावे लागतात ३,४२० रुपये. म्हणजे एकूण सूट साडेचौदाच झाली.

याहून महत्त्वाची गोष्ट उधारीची. खताबियाण्याचें बिल १०,००० रुपयांचें आहे. रोख दिल्यास शेंकडा ४ सूट, आणि पीक निघाल्यावर चार महिन्यांनीं दिल्यास पूर्ण रक्कम, अशी अट असते. 'व्याज कांहींच नाहीं' या समजुतीनें पुष्कळजण उधारी पत्करतात. वस्तुतः ९,६०० रुपये चार महिने वापरण्याबद्दल ते ४०० रुपये देत असतात. हें चार महिन्यांचें शेंकडा ४ रुपये १७ पैसे, आणि वर्षाचें शेंकडा साडेबारा व्याज झालें. सोसायटीचें पीककर्ज याहून कमी दरानें मिळत असेल, तर कर्ज काढून रोख खरेदी करणेंच शहाणपणाचें.

उतरलेला भाव आणि चढलेला भाव

भाव २,००० वरून १,६०० वर आला म्हणजे शेंकडा २० उतरला. तो पुन्हां २० टक्के चढला तर १,९२० होतो, २,००० होत नाहीं. कारण उतरतांना शंभर धरले ते २,००० चे, आणि चढतांना धरले ते १,६०० चे. पहिल्या जागीं येण्यास २५ टक्के चढ लागते. हाच नियम मालाच्या घटीस लागू आहे. घट किती झाली असतां भाव किती चढला पाहिजे, याचें कोष्टक पुढें देतों:

घट १० टक्के: चढ ११.१ टक्के
घट २० टक्के: चढ २५ टक्के
घट ३० टक्के: चढ ४२.९ टक्के
घट ४० टक्के: चढ ६६.७ टक्के
घट ५० टक्के: चढ १०० टक्के

चाळींतला कांदा

या कोष्टकाचा खरा उपयोग कांदा साठविणाऱ्यास आहे. उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो व चाळींत ठेवला जातो. सुकणें, सडणें व कोंब येणें या तीन कारणांनीं त्याचें वजन घटत जातें.

समजा, काढणीच्या वेळीं १०० क्विंटल कांद्यास १,२०० रुपये भाव होता. तेव्हांच विकला असता तर १,२०,००० रुपये आले असते. शेतकऱ्यानें तो पांच महिने ठेवला. घट ३० टक्के झाली, ७० क्विंटल उरला. निवडणीच्या मजुरीस ४,००० रुपये लागले. अडकून पडलेल्या १,२०,००० रुपयांवर दरसाल दरशेंकडा १० प्रमाणें पांच महिन्यांचें व्याज ५,००० रुपये झालें. एकूण १,२९,००० रुपये ७० क्विंटलांतून यावयास हवेत; म्हणजे क्विंटलास सुमारें १,८४३ रुपये भाव मिळाला तरच बरोबरी होते.

आतां तो कांदा १,७०० रुपयांस विकला गेला. भाव बाराशेंचा सतराशें झाला म्हणून घरीं आनंद होतो. परंतु हातीं आलेली रक्कम १,१९,००० रुपये. बरोबरीस लागणाऱ्या रकमेहून १०,००० रुपये कमी. क्विंटलामागें पांचशें रुपयांचा नफा दिसला, तेथें प्रत्यक्षांत शेंकडा पावणेआठ तोटा झाला.

यावरून साठवण करूं नये असा अर्थ कोणीं घेऊं नये. साठवण केली तर दरमहा हिशेब करावा, इतकाच अर्थ आहे. जुलैअखेर ८५ क्विंटल उरला असून भाव १,५०० असेल, तर आजची किंमत १,२७,५०० रुपये. सप्टेंबरांत ७० क्विंटलच उरेल असा अनुभव असल्यास, तेव्हां निदान १,८२२ रुपये भाव मिळावा लागेल. व्याज व मजुरी निराळीच. तेवढ्या भावाची खात्री वाटते काय, हा प्रश्न स्वतःस विचारून मगच थांबावें.

बाजारखर्चाचें ओझें

बाजारांतील कपातींस आळा घालण्यासाठीं १९३९ सालीं मुंबई प्रांतांत व १९६३ सालीं महाराष्ट्रांत कायदे झाले. परंतु हिशेब तपासण्याचें काम कायदा आपल्याऐवजीं करीत नाहीं. कांहीं खर्च शेंकड्यावर असतात, तर गाडीभाडें, हमाली, तोलाई यांसारखे वजनावर किंवा पोत्यावर असतात. हे दुसरे खर्च भाव पडला म्हणून कमी होत नाहींत. क्विंटलास ६० रुपये खर्च येत असेल, तर २,००० च्या भावांत तो शेंकडा ३ पडतो. भाव ६०० झाला कीं तोच शेंकडा १० होतो. म्हणून पडलेल्या बाजारांत हलका, निवडून टाकण्याजोगा माल गाडींत भरून नेणें हें भाडें भरून तोटा विकत घेण्यासारखें आहे.

दीडपट कशाची?

हाच प्रश्न सरकारी आधारभूत किंमतींतही येतो. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगानें उत्पादनखर्चावर निदान ५० टक्के अधिक भाव द्यावा अशी शिफारस केली. २०१८ सालच्या अंदाजपत्रकांत दीडपट भावाची घोषणा झाली; तींत प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढाच खर्च धरला होता. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचें व्याज त्यांत नव्हतें. समजा, पहिल्या रीतीनें खर्च ४,००० रुपये व दुसऱ्या रीतीनें ५,२०० रुपये आहे. ६,००० रुपये भाव पहिल्या खर्चावर ५० टक्के अधिक, परंतु दुसऱ्यावर सुमारें १५ टक्केच अधिक. वादाचें मूळ गुणाकारांत नसून शंभर कोणास धरले यांत आहे.

सारांश, प्रत्येक शेतकऱ्यानें घरीं एक वही ठेवावी व तींत पिकागणिक चार गोष्टी लिहाव्या: घातलेला खर्च, घरच्यांची मजुरी, मालाची घट, आणि खर्च जातां हातांत पडलेली रक्कम. मुलगा शाळेंत जात असल्यास हें काम त्याच्याकडेच द्यावें. त्याचें गणित पक्कें होईल व घरचा व्यवहारही त्यास कळेल. एका हंगामाची वही पुरी झाली म्हणजे कोणतें पीक पोसतें आणि कोणतें आपणांस खातें, हें दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.