बीडच्या ‘ब’चं पोट

धुळे-सोलापूर महामार्गाने दिवेलागणीला बीडकडे येताना दुकानांच्या पाट्या वाचत या. अक्षरं चांगली ठसठशीत असतात, तरी काही पाट्यांवर ‘बीड’ आहे की ‘वीड’, हे अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आपण अक्षर जाड करतो ते लांबून दिसावं म्हणून. मग जाड अक्षरच का फसवतं?

‘व’ आणि ‘ब’ यांत फरक एवढाच की, ‘ब’च्या पोटात एक तिरकी रेघ असते. अक्षर जाड करताना बाहेर फारशी जागा मिळत नाही. वर शिरोरेषा, बाजूला काना. त्यामुळे शाई आत शिरते आणि तिरक्या रेघेच्या दोन्ही अंगांची पांढरी जागा बुजते. आष्टीच्या ‘ष’चं तेच. रेघ बुजली की उरतो तो ‘प’. अंबाजोगाईच्या पाटीत पुन्हा ‘ब’ आहेच, शिवाय डोक्यावरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटण्याची भीती.

कंपास-पट्टीने आखल्यासारख्या भौमितिक अक्षरांत ही अडचण वाढते. या घराण्यातला गाजलेला टाइप म्हणजे जर्मनीत पॉल रेनर यांनी केलेला, 1927 मध्ये बाजारात आलेला ‘फ्युचुरा’. वर्तुळ आणि सरळ रेषा हा त्याचा पाया. पण डोळ्याला सारख्याच जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते, म्हणून अशा टाइपातही आडवी रेघ किंचित बारीक ठेवावी लागते. देवनागरी तर तिरक्या कापलेल्या बोरूच्या टोकातून घडलेली. तिचं वळण न मोडता तिला भूमितीत बसवणं फार कसबाचं काम. 2014 मध्ये इंडियन टाइप फाउंड्रीने आणलेल्या ‘पॉपिन्स’मध्ये निनाद काळे यांनी ते नऊ जाड्यांमध्ये केलं. हा फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ भौमितिक नाही, पण जाडीचं टोक बघायचं तर तो बघावा: अक्षरातली पोकळी केवळ रेघेएवढी उरली आहे. मथळ्याला झकास, रस्त्यावरच्या पाटीला मात्र नको.

कारण डोळ्यालाही मर्यादा आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढीच फट वेगळी ओळखतो. 100 मीटरवरून पाहताना ही फट 29 मिलिमीटर भरते. ‘ब’च्या पोटातली पांढरी जागा त्याहून अरुंद असेल, तर पाटी कितीही काळीभोर करा, अक्षराचा गोळाच दिसणार. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी हे 100 मीटर साडेचार सेकंदांत कापते.

रात्री तर गाडीच्या उजेडात परावर्तक कागदावरची पांढरी अक्षरं फुगून दिसतात. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांसाठी केलेल्या अक्षरांचे म्हणूनच दोन प्रकार आहेत: पांढऱ्यावर काळ्यासाठी जाड, गडद रंगावर पांढऱ्यासाठी त्याहून सडपातळ. गडद पार्श्वभूमीवर पांढरं गावाचं नाव लिहिताना आपणही जाडी एक पायरी उतरवायला हवी.

फ्लेक्स छापणाऱ्यांना आणि पाट्या करून घेणाऱ्या ग्रामपंचायतींना एवढीच विनंती: गावाचं नाव आधी कागदावर खऱ्या मापात छापा, भिंतीला लावा आणि शंभर पावलं मागे जाऊन वाचा. ‘ब’च्या पोटातली रेघ दिसली, तरच पाटी करायला टाका.