नाचणीचे थालीपीठ आणि हट्टी मूल

कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराड भागात उसाचे मळे पुष्कळ. तथापि कित्येक घरांतील मूल चहा-बिस्किटावर राहते व पालेभाजी दिसताच तोंड फिरविते. शेजारच्या पाटणच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी त्यास काळी म्हणून नको असते. वस्तुतः १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते १० च्या आसपासच. वाढत्या हाडांस हे अंतर थोडे नव्हे.

अशा मुलास दटावण्यापेक्षा स्वयंपाकात सामील करून घ्यावे. परसातील शेवग्याचा कोवळा पाला त्याच्याकडून खुडून, निवडून घ्यावा. नाचणी-ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, कांदा, धुतलेला पाला व मीठ मळताना त्याचा हात पिठात असू द्यावा. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापून मधोमध बोटाने भोक पाडणे हे काम तर त्याचेच! विळी व चूल मात्र मोठ्यांकडे. स्वतः थापलेले थालीपीठ मूल पुष्कळदा चाखून तरी पाहते.

पहिल्या दिवशी एक घास पुरे. नवी चव अंगवळणी पडण्यास आठ-दहा वेळा, कधी अधिकही लागतात. घरची माणसे तीन-चार वेळांतच कंटाळतात. गुळाचे आमिष दाखवू नये. त्याने गुळाचीच गोडी वाढते. वडीलधाऱ्यांनीही तेच ताटात घ्यावे. बापाने नाक मुरडले की आईचे श्रम वाया गेले.

अंगणवाडी सेविकांनी माता-मेळाव्यात चार-पाच मुलांकडून हे करवून पाहावे. सोबत लिंबाची फोड ठेवावी. तिच्यामुळे पाल्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते.